लहान हॉटेलचा पर्यावरण-हिशेब : सुरुवात कोठून करावी आणि लाभ कोठे होतो

पर्यावरणपूरक हॉटेल म्हटले की पाहुण्याला दिसणाऱ्या वस्तू आधी आठवतात : बांबूचा ब्रश, कागदी स्ट्रॉ, कापडी पिशवीतला साबण आणि न्हाणीघरात टांगलेले ‘टॉवेल पुन्हा वापरा’ असे हिरवे कार्ड. या वस्तूंना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र मालकाच्या खिशाला आणि परिसरालाही ज्यातून खरा लाभ होतो, ती कामे सहसा पाहुण्याच्या नजरेस पडत नाहीत. ती गच्चीवरच्या टाकीपाशी, गिझरच्या थर्मोस्टॅटमध्ये, फ्लशच्या टाकीत आणि भटारखान्यातल्या खरकट्याच्या बादलीत दडलेली असतात. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, लोणावळा येथे किंवा अलिबागपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावर पंधरा ते चाळीस खोल्यांचे हॉटेल, लॉज वा रिसॉर्ट चालवणाऱ्यांनी कोणते काम आधी हाती घ्यावे, कोणते मागे ठेवावे आणि त्यातून नेमके काय पदरात पडते, हे येथे क्रमाने मांडले आहे.

मोठ्या हॉटेलांनी ही वाट फार पूर्वीच धरली. मुंबईत विलेपार्ल्याला विमानतळालगत विठ्ठल कामत यांनी उभे केलेले ‘ऑर्किड’ हे आशियातील पहिले ‘इकोटेल’ (पर्यावरणपूरक हॉटेलांना मिळणारे प्रमाणपत्र) प्रमाणित पंचतारांकित हॉटेल म्हणून ओळखले जाते. तेथील खोलीत एक हिरवे बटण असे. पाहुण्याने ते दाबले की वातानुकूलनाचे तापमान दोन अंशांनी वर सरकत असे आणि पाहुण्याला फारसा फरकही जाणवत नसे. लहान हॉटेलकडे अशा यंत्रणेसाठी ना भांडवल असते ना स्वतंत्र अभियंता. परंतु लहान हॉटेलची एक जमेची बाजू आहे : मालक रोज जागेवर असतो, आणि नळ कोठे गळतो हे त्याला अहवालातून नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी कळू शकते.

आधी मोजमाप

पहिला महिना काहीही विकत घेऊ नये. एक वही घालावी आणि तीत रोज सकाळी ठरावीक वेळी विजेच्या मीटरचे आणि पाण्याच्या मीटरचे आकडे, आलेल्या टँकरांची संख्या, लागलेले व्यावसायिक गॅस सिलिंडर आणि आदल्या रात्री भरलेल्या खोल्यांची संख्या लिहावी. पाण्याला मीटर नसेल तर तो विहिरीच्या किंवा बोअरच्या पंपानंतरच्या नळावर बसवून घ्यावा. या साऱ्या उपद्व्यापातील हा पहिला आणि बहुधा सर्वांत फायदेशीर खर्च ठरतो. महिनाअखेरीस एकूण युनिट आणि एकूण लिटर यांना भरलेल्या खोल्यांच्या रात्रींनी भागावे. ‘एका भरलेल्या खोलीमागे एका रात्रीला इतकी वीज आणि इतके पाणी’ हा आकडा हाती आला की पुढच्या प्रत्येक उपायाचे यशापयश त्यावरून ठरवता येते. नुसते बिल पाहून काही कळत नाही, कारण दिवाळीच्या सुट्टीत बिल वाढते आणि श्रावणात ते आपोआप उतरते. त्यात आपले कर्तृत्व किती आणि सीझनचे किती, हे बिल सांगत नाही.

याच काळात एक सोपी चाचणी करावी. पाहुणे अगदी कमी असलेल्या एखाद्या रात्री, सर्व निजानीज झाल्यावर दोन वाजता मीटरचा आकडा टिपावा आणि पुन्हा पाच वाजता टिपावा. कोणी काही वापरत नसताना जे युनिट पडतात, ते जुना डीप फ्रीझर, चालू राहिलेले गिझर, बाहेरची पाटी, वॉटर कूलर आणि रिकाम्या खोल्यांतली उपकरणे खात असतात. समजा तासाला तीन युनिट अशी ही पायाभूत गळती निघाली, तर वर्षाकाठी ती २६,२८० युनिट होते, आणि युनिटमागे १२ रुपये धरले तरी तीन लाखांवर रक्कम जाते. सगळीच थांबवता येणार नाही, फ्रीझर तर चालूच ठेवावा लागेल. पण तिची तिसऱ्या हिश्श्याने छाटणी करण्यासाठी बहुधा एक पैसाही गुंतवावा लागत नाही, रात्रपाळीच्या माणसाला कोणते स्विच बंद करायचे याची यादी तेवढी द्यावी लागते.

गरम पाणी

डोंगरावरच्या हॉटेलात विजेचा मोठा वाटा अंघोळीच्या पाण्यावर जातो, तरी चर्चा मात्र दिव्यांची होते. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. वीस खोल्यांत चाळीस पाहुणे आहेत, प्रत्येकाला ३० लिटर गरम पाणी लागते आणि ते २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायचे आहे असे धरले, तर १,२०० लिटरसाठी सुमारे ४९ युनिट लागतात. नळवाहिनीतली आणि टाकीतली उष्णतेची गळती वेगळीच. वर्षभराची सरासरी ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचे प्रमाण, ६० टक्के धरली आणि दर १२ रुपये धरला, तर निव्वळ अंघोळीच्या पाण्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर खर्च होतो.

येथे दोन पर्याय आहेत, आणि कोणता निवडावा हे हॉटेल कोठे आहे यावर ठरते. सोलर वॉटर हीटर ऑक्टोबर ते मे या काळात उत्तम चालतो. पण महाबळेश्वरच्या किंवा कोकणातल्या जून-जुलैत सूर्यदर्शनच दुर्मीळ असते, तेव्हा विजेची जोड लागतेच. समुद्रकिनारी खारी हवा लोखंडी स्टँड आणि बाहेरची टाकी खाऊन टाकते, म्हणून तेथे गंजरोधक स्टँडचा आग्रह धरावा. पाणी जड असेल तर सपाट पत्र्याच्या प्रकारात तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात. काचेच्या नळ्यांचा प्रकार अशा पाण्याला अधिक तग धरतो. मात्र माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी माकडांनी त्या नळ्या फोडण्याची भीती असते, तेव्हा वर जाळी बसवण्याचा खर्च कोटेशनमध्येच मागून घ्यावा, नंतर मागितला तर तो दुप्पट होतो.

दुसरा पर्याय हीट पंपाचा. हा हवेतली उष्णता खेचून पाण्याला देतो, त्यामुळे एका युनिटमध्ये साध्या गिझरच्या सुमारे तिप्पट काम होते. वरच्या उदाहरणातले ४९ युनिट १६-१७ वर येतात, पाऊस असो वा ढग असोत. थंडीत त्याची कार्यक्षमता उतरते, आवाज होतो, आणि तो बंद पडला तर गावातल्या इलेक्ट्रिशियनला दुरुस्त करता येईलच असे नाही. म्हणून खरेदीपूर्वी सर्वांत जवळचा सर्व्हिस सेंटर कोठे आहे हे विचारावे. जागा आणि भांडवल असेल तेथे सोलर आणि हीट पंप जोडीने बसवणे हा माझ्या मते सह्याद्रीच्या माथ्यावरील हॉटेलांसाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. खोलीखोलीत गिझरच ठेवायचे असतील तर निदान त्यांचा थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर आणावा. अनेक गिझर बसवल्या दिवसापासून कमालीच्या खुणेवर असतात आणि ते उकळते पाणी पाहुणा थंड पाण्यात मिसळूनच वापरतो.

मध्यवर्ती टाकी असेल तर मात्र काटकसरीच्या भरात तिचे तापमान खाली आणू नये. कोमट पाण्यात लीजिओनेला हा न्यूमोनियासारखा आजार घडवणारा जीवाणू वाढतो, म्हणून साठवणीच्या टाकीत पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवावे आणि नळापाशी मिसळून ते सौम्य करावे.

गरम पाण्याची नळवाहिनी उघडी असेल तर ती आधी गुंडाळून घ्यावी. टाकीपासून शेवटच्या खोलीपर्यंत गरम पाणी पोहोचायला दोन-तीन मिनिटे लागत असतील, तर तेवढा वेळ प्रत्येक पाहुणा थंड पाणी मोरीत सोडून देतो. हा वीज आणि पाणी यांचा एकदमच अपव्यय आहे, आणि ‘गरम पाणी येत नाही’ ही रिसेप्शनवरची तक्रारही त्यातूनच निघते.

खोलीतला गारवा

किनाऱ्यावर आणि शहरांत वातानुकूलनाचा खर्च मोठा असतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या एसींचे मूळ तापमान (कारखान्यातून आधीच लावून दिलेले) २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले आहे. हाउसकीपिंगच्या माणसाने खोली तयार करताना रिमोट २४ वर ठेवून जावे. पाहुणा १८ वर नेऊ शकतो, पण पुष्कळ पाहुणे ते आहे तसेच राहू देतात. दारातल्या की-कार्ड स्विचवर फार विसंबू नये, कारण त्यात कुठलेही जुने कार्ड अडकवून एसी चालू ठेवण्याची युक्ती आता सर्वांना ठाऊक आहे. बाल्कनीचे दार उघडले की एसी बंद करणारा साधा चुंबकी स्विच त्याहून उपयोगी पडतो, विशेषतः समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्यांत. वरच्या मजल्याच्या गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला तर त्याखालच्या खोल्या उन्हाळ्यात कमी तापतात. महागडा इन्व्हर्टर एसी घेण्याआधी हा रंग लावून पाहावा.

गच्चीवरच्या सौर वीज पॅनेलविषयी बरीच विचारणा होते. महाराष्ट्रात एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो आणि त्याला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते. घरगुती ग्राहकांसाठी असलेले पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान व्यावसायिक जोडणीला मिळत नाही, हे विक्रेता बहुधा शेवटी सांगतो. मात्र आयकरात ४० टक्के दराने घसारा दाखवता येतो, आणि व्यावसायिक वीजदर चढा असल्याने अनुदानाविनाही गणित जुळू शकते. तरीही गच्चीवर जागा मोजकी असेल तर ती आधी गरम पाण्याला द्यावी. उष्णतेसाठी सूर्य वापरणे हे विजेसाठी वापरण्यापेक्षा चौरस फुटामागे अधिक फळ देते.

पाणी

महाबळेश्वरला दरवर्षी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी डोंगरमाथ्यांवर, किनारी गावांत एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. याचे एक कारण जांभ्या दगडात आहे. तो सच्छिद्र असल्याने पाणी पटकन मुरते आणि तितक्याच वेगाने उतारावरून झऱ्यांवाटे निघूनही जाते. म्हणून कोकणात नुसता पुनर्भरणाचा खड्डा खणून मेमध्ये बोअरला पाणी येईल अशी आशा धरू नये. ३०० चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर वीस टक्के वाया गेले असे धरूनही ७ लाख २० हजार लिटर पाणी मिळते, म्हणजे दहा हजार लिटरचे बहात्तर टँकर. प्रश्न मिळण्याचा नसून ठेवण्याचा असतो. एवढी टाकी कोणीच बांधणार नाही, पण एक लाख लिटरची बांधली आणि ती सप्टेंबरच्या शेवटच्या सरींवर भरून घेतली, तर उन्हाळ्यातले दहा टँकर वाचतात. नवीन बांधकाम करणाऱ्याने ही टाकी पायातच धरावी, मागाहून ती दामदुप्पट पडते. किनाऱ्यालगत याला दुसरेही महत्त्व आहे : विहिरीतून गोडे पाणी फार उपसले की समुद्राचे खारे पाणी आत सरकते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट सर्वांच्या कामातून जाते.

पाणी आणण्यापेक्षा वाचवणे स्वस्त, हे सांगायला नको. पण ते कोठे वाचते हे सांगायला हवे. पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधले घड्याळ घेऊन प्रत्येक खोलीत जावे. शॉवर पूर्ण सोडून बादली किती सेकंदांत भरते ते पाहावे. एका मिनिटाच्या आत भरली, तर त्या शॉवरमधून मिनिटाला पंधरा लिटरहून अधिक पाणी जात आहे. तेथे सात-आठ लिटरचा शॉवर बसवला तरी पाहुण्याची अंघोळ नीट होते, मात्र गच्चीवरच्या टाकीतून पुरेसा दाब येत आहे याची खात्री आधी करावी, नाहीतर वरच्या मजल्यावर नुसती ठिबक होऊन तक्रारी येतात. वॉश बेसिनच्या नळाला हवा मिसळणारी जाळी बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. त्यानंतर फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकावेत आणि अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर आतले रबर गेले आहे, असे समजावे. ही गळती निःशब्द असते, जमीन ओली होत नाही, आवाज येत नाही, आणि तरी एक टाकी दिवसाला शेकडो लिटर पाणी वाहून टाकू शकते. रबराची किंमत एका जेवणाच्या थाळीइतकीही नसते.

बादली आणि मग खोलीतून काढून टाकण्याची जी टूम निघाली आहे, तिचे कारण मला कळलेले नाही. आपल्याकडच्या पाहुण्यांपैकी बहुतेकांना बादलीने अंघोळ करायची सवय असते, वीस लिटरच्या बादलीत ती आटोपते, आणि शॉवरखाली त्याच माणसाला त्याच्या तिप्पट पाणी लागते. स्वच्छ, चांगल्या प्रतीची बादली ठेवणे हा पाणी वाचवण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे.

आता त्या हिरव्या कार्डाकडे येऊ. त्यावर काय लिहिले आहे याने फरक पडतो, हे अमेरिकेतील गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविसियस या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले. ‘पर्यावरण वाचवा’ एवढेच लिहिलेल्या खोल्यांत सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. ‘येथे राहणारे बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे लिहिल्यावर हे प्रमाण ४४ टक्के झाले, आणि ‘याच खोलीत राहिलेले बहुसंख्य पाहुणे’ असे म्हटल्यावर ते ४९ टक्क्यांवर गेले. अर्थात असे वाक्य खरे असेल तरच लिहावे. कार्डाहूनही मोठी अडचण हाउसकीपिंगमध्ये असते : पाहुण्याने टॉवेल दांडीवर टाकलेला असूनही मुलगा तो सवयीने धुवायला घेऊन जातो, आणि पाहुणा मनात समजायचे ते समजतो. तेव्हा कार्ड लावण्याआधी कर्मचाऱ्यांशी बोलावे. लॉन्ड्री बाहेर देत असाल तर नगामागे पैसे जातात, त्यामुळे बचत लगेच दिसते. चादरी तिसऱ्या दिवशी किंवा पाहुणा बदलल्यावर बदलण्याचा नियम बुकिंगच्या वेळीच सांगितला तर कोणी हरकत घेत नाही.

सांडपाण्याचा विचार टाळता येणार नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरच्या आत नसावा, असे भारतीय मानक संहिता सांगते. किनाऱ्यावरच्या अरुंद वाड्यांत हे अंतर पाळले जात नाही आणि मग पाहुण्यांची पोटे बिघडतात. भटारखान्याचे पाणी शोषखड्ड्यात जाण्यापूर्वी ग्रीस ट्रॅपमधून (तेल-तूप अडवणाऱ्या कुंडीतून) न्यावे आणि तो दर आठवड्याला साफ करावा. अंघोळीचे आणि वॉश बेसिनचे पाणी वेगळ्या नळीने आणता आले, तर कर्दळ लावलेल्या वाळू-खडीच्या वाफ्यातून गाळून बागेला देता येते. शौचालयाचे पाणी त्यात मिसळू देऊ नये.

भटारखाना

अन्नाच्या नासाडीबद्दल सगळेच हळहळतात, मोजतो क्वचितच कोणी. एक आठवडाभर तीन बादल्या ठेवाव्यात : एकीत भाज्यांची साले-देठे, दुसरीत शिजवून उरलेले आणि विकले न गेलेले, तिसरीत ताटातले उष्टे. प्रत्येक जेवणानंतर तिन्ही तोलून आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहावा. बादल्यांवरची नावे मराठी आणि हिंदी दोन्हींत असावीत, शक्यतो चित्रासह, कारण भांडी घासणारी मुले नेपाळ, ओडिशा, बिहारमधून आलेली असतात. पहिल्या बादलीवर फारसा इलाज नसतो. दुसरी भरत असेल तर अंदाज चुकतो आहे. रात्रीच्या मुक्कामाच्या पाहुण्यांना संध्याकाळी सातपर्यंत ‘जेवणार का’ हे विचारले तर निम्मा प्रश्न सुटतो. तिसरी भरत असेल तर वाढप चुकते आहे. अमर्याद थाळीत पहिल्या फेरीला वेटर भात डोंगराएवढा वाढतो, तो तसाच उरतो. छोट्या डावाने दोनदा वाढले तर पाहुणा अधिक खूश असतो आणि बादली हलकी होते. सकाळच्या बुफेत मोठ्या परातीऐवजी लहान भांडी ठेवून ती वरचेवर भरावीत, म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात तीन किलो उपमा उरत नाही. या मोजमापाने वस्ताद सुरुवातीला नाराज होतो, त्याला वाटते आपल्यावर पाळत ठेवली जाते आहे. वाचलेल्या मालाच्या रकमेतला काही हिस्सा भटारखान्याला दिवाळीला देण्याचे आधीच कबूल करावे.

उरलेल्या ओल्या कचऱ्याचे खत करता येते किंवा बायोगॅस. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले आणि त्यासाठी संस्थेला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प मोठ्या प्रमाणावरील कचऱ्यासाठी आहे. दिवसाला २५ किलो खरकटे असेल तर साधारण किलोभर एलपीजीइतका गॅस मिळेल अशी अपेक्षा धरावी, म्हणजे १९ किलोचा एक सिलिंडर सुमारे तीन आठवड्यांत वाचतो. डोंगरावरच्या थंडीत जीवाणू मंदावतात आणि गॅस कमी होतो. संयंत्रात लिंबाची साले, कांद्याची टरफले आणि हाडे टाकू नयेत, हे सांगणारा फलक त्याच्यावरच लावावा. निव्वळ गॅसच्या बचतीसाठी हे काम करू नये. दुर्गंधी, माश्या, भटकी कुत्री आणि कचरा उचलण्याचा खर्च यांतून होणारी सुटका हाच त्याचा मोठा फायदा आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी वाहने जात नाहीत, सामान घोड्यावरून किंवा हातगाडीवरून वर न्यावे लागते. तेथे जागच्या जागी जिरवलेला प्रत्येक किलो कचरा म्हणजे वाचलेली मजुरी.

तळणीच्या तेलाबाबत कायदा स्पष्ट आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरता येत नाही, आणि दिवसाला ५० लिटरहून अधिक तळणतेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. जळके तेल गटारात ओतण्याऐवजी किंवा रस्त्यावरच्या वडेवाल्याला विकण्याऐवजी बायोडिझेलसाठी ते गोळा करणाऱ्या अधिकृत संकलकाला द्यावे, तो लिटरमागे पैसेही देतो.

प्लास्टिकबाबत थोडक्यात : महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी लागू आहे आणि दंड पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपयांसह तीन महिन्यांपर्यंत कैद असा आहे, देशभरातील एकदाच वापरायच्या वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून आहे. शाम्पू-साबणाच्या पुड्यांऐवजी भिंतीला कुलूपबंद डिस्पेन्सर लावावेत. पिण्याचे पाणी स्वतःच्या शुद्धीकरण यंत्रातून काचेच्या बाटल्यांत भरून द्यावे, झाकण पाहुण्यासमोर उघडेल असे असावे, आणि पाण्याच्या तपासणीचा ताजा अहवाल रिसेप्शनवर लावावा, नाहीतर पाहुणा बाहेरून बाटली आणतोच. आरओ यंत्रातून बाहेर जाणारे पाणी फरशी पुसायला वापरावे.

परिसर हेच भांडवल

वीज-पाण्याची बचत आकड्यांत दिसते, पण हॉटेलचे खरे भांडवल कुंपणाबाहेर असते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली आणि माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले. तेथे वाटेल तसे मजले चढवता येत नाहीत, याबद्दल व्यावसायिकांची कुरकुर असते. परंतु याच निर्बंधांमुळे तेथे अजून जंगल आहे आणि जंगल आहे म्हणून खोल्यांना भाडे मिळते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावाकडे पाहावे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले, आणि ज्या गावात पर्यटक फिरकत नसे तेथे घरोघरी निवास-न्याहारीची सोय झाली. किनाऱ्यावर झगझगीत दिवे लावले तर पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे वळतात. तेव्हा अशा गावात बाहेरचे दिवे मंद ठेवणे, त्यांचा झोत जमिनीकडे वळवणे हा हॉटेलवाल्यासाठी थेट धंद्याचाच भाग आहे.

भाजी, तांदूळ, मासळी, कोकम, काजू शक्य तितके पंचक्रोशीतून घ्यावे. यात वाहतूक वाचते हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावाला हॉटेल आपले वाटू लागते, आणि मेमध्ये पाण्यावरून भांडण होण्याची वेळ आली की ही गोष्ट उपयोगी पडते.

प्रमाणपत्र आणि जाहिरात

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती ही ऐच्छिक बाब नव्हे. खोल्यांच्या संख्येनुसार आणि सांडपाण्याच्या प्रमाणानुसार तिचा वर्ग ठरतो, आणि ती नसताना हिरव्या प्रमाणपत्राच्या मागे धावण्यात अर्थ नाही. त्यानंतर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ‘ट्रॅव्हल फॉर लाइफ’ कार्यक्रम पाहावा, त्यानंतर खासगी प्रमाणपत्रे. त्यांचे शुल्क आणि दरवर्षीचे नूतनीकरण लहान हॉटेलला जड जाते, म्हणून आपले पाहुणे कोण आहेत हे आधी पाहावे. कुटुंबे आणि कॉलेजचे गट येत असतील तर प्रमाणपत्राने भाडे वाढणार नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या बैठका आणि प्रशिक्षणे मिळवायची असतील तर चित्र वेगळे आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे, त्यामुळे या कंपन्यांचा प्रवास विभाग हॉटेलला वीज, पाणी, कचरा यांची माहिती विचारू लागला तर नवल नाही. ज्याच्याकडे रोजची वही आहे, त्याला असा अर्ज तासाभरात भरता येतो.

जाहिरातीत मात्र हात आखडता ठेवावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ असे मोघम शब्द पुराव्याविना वापरणे आता अडचणीचे ठरू शकते. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाच्या आक्षेपानंतर बुकिंग डॉट कॉमनेही हॉटेलांना स्वतः दिलेली शाश्वततेची श्रेणी मागे घेतली. तेव्हा ‘शंभर टक्के पर्यावरणपूरक रिसॉर्ट’ असे न लिहिता, ‘ऑक्टोबर ते मे अंघोळीचे पाणी सौर उष्णतेवर तापते, पावसाळ्यात हीट पंप चालतो, पिण्याचे पाणी काचेच्या बाटलीत मिळेल, चादरी तिसऱ्या दिवशी बदलल्या जातात, आधी हवी असल्यास रिसेप्शनला सांगावे’ असे लिहावे. त्यातले प्रत्येक विधान पाहुण्याला खोलीत शिरल्यावर तपासता येते, आणि ते खोटे निघाले तर तो परीक्षणात तसे लिहितोच. म्हणून संकेतस्थळावरचा मजकूर दर सीझनच्या सुरुवातीला हाउसकीपिंग आणि भटारखान्याच्या प्रमुखांकडून वाचून घ्यावा आणि जे बंद पडले असेल ते त्याच दिवशी खोडावे.